ऑइल पेंटवर पाण्याचा रंग

जुन्या ऑइल पेंटवर, न घासता, मी पाण्याचा रंग मारला. घरातल्या सगळ्या दारांना, चौकटींसकट.

अज्ञान म्हणावं तर तेही नाही. साताऱ्यातल्या दुकानदारानं डबा देताना विचारलं होतं, "खाली ऑइल पेंट नाही ना? असला तर पॉलिश पेपरनं घासा, प्रायमर मारा, मगच हा. नाहीतर धरत नाही." मी म्हणालो, "छे छे!" तो ऑइल पेंट मीच मागं त्याच दुकानातून नेला होता. पण त्या दिवशी शुक्रवार होता आणि बायको रविवारी यायची होती.

बायकोला दमा आहे. माझ्या चालढकलीनं दोन महिने लांबलेलं दारांचं काम उरकेपर्यंत ती सांगलीला भावाकडं राहिली होती. तिथंही तिला बरं नव्हतं. शेजारी हळदीचं गोदाम. पोती हलली की हिचा खोकला सुरू. ऑइल पेंटचा वास तिला सोसत नाही, म्हणून पाण्याचा रंग. म्हणजे निवड बरोबर होती. बरोबर निवड करून वाटोळं करायला वेगळी हुशारी लागते, ती माझ्याकडं आहे.

रविवारी ती आली. दारात थांबून तिनं लांब श्वास घेतला. "खरंच हो, वास नाही!" एवढं ऐकायला मी दोन महिने थांबलो होतो. मग बॅग बाहेरच ठेवून, सवयीप्रमाणं, तिनं उंबऱ्यावर पाणी घातलं, ओल्या फडक्यानं चौकट पुसली आणि हळदीचं बोट टेकवलं. फडक्याबरोबर वीतभर रंग आला. मी तो परत चिकटवायला गेलो, तर हातभर आला.

लोणंदकडच्या एका रंगाऱ्याला बोलावलं. त्यानं नखानं एक पापुद्रा उचलला. "आवं, ह्यो रंग न्हाई, दुधावरची साय हाय. समदं खरवडाय लागंल. लय धूळ उडंल. वैनींना हितं ठिवू नगा."

न उघडलेली बॅग मीच पुन्हा स्टँडवर नेली. ती गाडीत बसली, पंप ओढला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्याकडं नाही.

सगळं घासून झाल्यावर रंगाऱ्यानं विचारलं, "आता कुठला मारू? आता पान्याचा बी धरंल." दोष पाण्याच्या रंगाचा नव्हता, पण माझा राग त्याच्यावर. मी तोऱ्यात म्हणालो, "ऑइलच मारा. एकदाच काय ते पक्कं!"

पक्कं झालं. वासही पक्का झाला. महिना होत आला. खिडक्या उघड्या आहेत, वास ओढून घ्यायला खोल्याखोल्यांत चिरलेले कांदे ठेवलेत. माझ्या नाकाला आता काहीच कळत नाही, म्हणून शेजारच्या काकूंना बोलावतो. त्या उंबऱ्यापाशी हुंगतात, मान हलवतात आणि जातात. मी एकट्यापुरता चहा टाकतो आणि झकास चकाकणाऱ्या दारांकडं बघत बसतो. दार चांगलं आहे. आत यायला माणूस नाही.

फोनवर तिच्या शब्दाआधी छातीतली शिट्टी ऐकू येते. काल धीर करून सांगितलं, की दुसऱ्यांदा ऑइल पेंट मारायला मीच सांगितलं होतं, रंगाऱ्यानं नाही.

तिनं पंप ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "माझ्या दम्यावर निदान पंप तरी आहे. तुमच्यावर काय आहे हो?"