दहाचे आठ

कॉलेजातले लॅटिनचे सर माझ्याकडून मासे घेतात आणि सांगेन त्या भावाला "बरं, ताई" म्हणतात. दादरच्या बाजारात भांडून जागा मिळवलेल्या बाईला हा अपमानच वाटतो. परवा त्यांनी बांगड्याची आतडी मागितली. रोमन लोक ती मिठात मुरवून खात, ते मुलांना दाखवायचं होतं.

"मुलं किती?"

"सात. दहा नसतील तर वर्ग बंद करू, असं प्रिन्सिपल म्हणाले."

"आणि तुम्ही?"

"बरं म्हणालो."

माझं डोकंच फिरलं. "अहो सर, दहा ऐकून गप्प बसायचं? पाचपासून सुरू करायचं!"

काल ते घाम पुसत, हसत आले. "ताई, आठवर आणलं!"

"मग आठवं नाव माझं लिहा. बारावी पास आहे मी. फीचं मात्र मी स्वतः प्रिन्सिपलशी बोलेन."

सरांना पहिल्यांदाच प्रिन्सिपलची कीव आलेली दिसली.