मागच्या पट्टीला ऐकू येतंय का?

रविवारी दुपारी गुरुजी गेले. ते खोलीत होते, मी स्वयंपाकघरात होते. मला ते बोईसरहून कळलं.

फोन देवरामचा होता. देवराम हा गुरुजींचा सूर्यमाळचा विद्यार्थी, आता बोईसरला कारखान्यात कामाला आहे. "काकी, गुरुजींकडं जाऊन बघा बरं. बोलत नाय ते," एवढंच तो म्हणाला. मी मिक्सर बंद केला आणि गेले. गुरुजी खुर्चीतच होते, मान एका बाजूला कललेली, कानांवर हेडफोन. समोर टेकवून ठेवलेल्या फोनच्या पडद्यावर त्यांचा खेळातला सैनिक गवतात नुसता उभा होता.

गुरुजींचा आवाज मुळातच लहान. खोडाळ्याच्या बाजूला सूर्यमाळच्या आश्रमशाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. तिथे बाकं नव्हती, मुलं बसकरपट्ट्यांवर बसत. धडा सुरू करण्याआधी ते विचारत, "मागच्या पट्टीला ऐकू येतंय का?" मागच्या पट्टीवर पाड्यांवरून नुकतीच आलेली, शाळेतली मराठी अजून परकी असलेली मुलं बसत. ती "येतंय" म्हणत, कारण तसं म्हणायचं असतं हे त्यांना पुढच्यांकडून कळलेलं असे. मग गुरुजी पुस्तक घेऊन मागे जात आणि तिथून शिकवत. पुढच्या पट्टीवरच्या हुशार मुलांनी मान वळवून ऐकायचं.

सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणे. लग्नानंतर मीही म्हणू लागले. त्या नावात पहिल्यापासूनच माझा वाटा लहान होता.

निवृत्तीनंतर आम्ही जव्हारला राहायला आलो. मी इथल्या ग्रंथालयात काम करत असे आणि घरी आल्यावरही वाचत असे. गुरुजींना नाट्यगीतांचा नाद. ते मोठ्याने लावत आणि मला एका पानावर दोनदा यावं लागे. म्हणून मी त्यांना हेडफोन आणून दिले, चांगले, मऊ गादीचे. घरात शांतता झाली. ती थोडेच महिने टिकली.

देवरामने एकदा सुट्टीवर आला असताना त्यांच्या फोनवर तो खेळ घालून दिला. विमानातून बेटावर उतरायचं, घरं धुंडाळायची, शत्रूपासून वाचायचं. आपल्या टोळीतली माणसं कुठल्याही गावी असली तरी खेळताना एकमेकांशी बोलू शकतात. टोळी तिघांची होती: बोईसरचा देवराम, वसईला टेम्पो चालवणारा त्यांचाच दुसरा विद्यार्थी यशवंत आणि जव्हारचे गुरुजी. दर रविवारी दुपारी मुलांना सुट्टी असे तेव्हा खेळ रंगे. गुरुजींची एकही गोळी कधी कुणाला लागली नाही. ते वाट दाखवत. "उगवतीकडं चला. हजेरी झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही," असं सैनिकांना सांगणारा दुसरा कुणी त्या बेटावर नसेल.

पण माझ्या हेडफोनना माइक नव्हता. गुरुजींचं बोलणं फोन ऐके, आणि फोन सगळंच ऐके. कुकरच्या शिट्ट्या, माझा खोकला, भांडी. एकदा मी आतून म्हणाले की मटकी भिजवायची राहिली. तर वसईहून यशवंत म्हणाला, "गुरुजी, काकींना सांगा, आता कोमट पाण्यात घाला." गुरुजींनी मला हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. माझी मटकी वसईला जाण्याचं काही कारण नव्हतं.

मग त्यांनी जोडायचा माइक मागवला. हेडफोन तेच ठेवायचे, फक्त एका कानाच्या बाहेरून लोहचुंबकाची गोल चकती चिकटवायची. माइकची दांडी तिला लागते आणि खेळ संपला की काढून ठेवता येते. चकती पक्की बसावी म्हणून गुरुजींनी ती स्पिरिटने पुसलेल्या जागी लावली आणि रात्रभर वर वजन ठेवलं. सकाळी मला शब्दकोश सापडेना. तो हेडफोनवर होता.

मी आणले होते ते नुसते कान होते. तोंड त्यांनी स्वतः बसवलं.

त्या तोंडाने ते मुलांशी जितकं बोलले तितकं माझ्याशी कधी बोलले नाहीत. मटारच्या दाण्याएवढा तो माइक त्यांच्या ओठांपासून दोन बोटांवर असे आणि त्या जागेचा मला हेवा वाटे. खेळ सुरू करताना ते विचारत, "मागच्या पट्टीला ऐकू येतंय का?" बोईसर आणि वसई म्हणत असणार, येतंय गुरुजी. स्वयंपाकघराला कुणी विचारत नव्हतं. त्यांना चहात साखर कमी लागते हे मला एकदा यशवंतचा फोन आला तेव्हा त्याच्याकडून कळलं. इतकी वर्षं मी चमचाभर जास्त घालत होते आणि ते पीत होते. गुडघा दुखतो हेही आधी देवरामला माहीत होतं. नवऱ्याला दुसरी बाई असती तर तिच्याशी निदान भांडता आलं असतं. टेम्पोवाल्या पोराशी काय भांडायचं?

माइकच्या वायरीवर एक बटण होतं. ते खाली सरकवलं की पलीकडे आवाज जाणं बंद होई आणि बटणामागची लाल खूण दिसे. मला काही सांगायचं झालं की गुरुजी आधी ते बटण सरकवत, मग मला हाक मारत. मी एकदा विचारलं, एवढं काय लपवायचं असतं? पाणी तर मागता. ते म्हणाले, "घरातलं घरात." त्यांचं हे नेहमीचंच होतं. शाळेतलं शाळेत, घरातलं घरात. खेळ संपला की दांडी काढून वायरीसकट सुपारीच्या जुन्या डबीत ठेवत. त्या रविवारी ती मी काढली आणि सवयीनेच डबीत ठेवली.

तेराव्याला दोघंही आले. यशवंतला मी पहिल्यांदाच पाहिलं. न पाहताच मी ज्याचा इतका राग केला तो हा, कोपऱ्यात मांडी घालून बसलेला. जेवणं झाल्यावर मी देवरामला जवळ बोलावलं. तेरा दिवस एकच गोष्ट माझ्या मनात होती. गुरुजी माझ्यापासून पाच-सहा पावलांवर होते आणि त्यांचे शेवटचे शब्द या पोरांकडे होते. ते मला हवे होते. मी विचारलं, शेवटी काय म्हणाले?

देवरामने यशवंतकडे पाहिलं. यशवंतच बोलला. "मी अडकलो होतो काकी. मला म्हणले, तू झाडामागं थांब, मी हाय. मग खट झालं."

"खट म्हणजे?"

"बटण, काकी," देवराम म्हणाला. "तुमच्याशी बोलायचं झालं का ते बटण सरकवायचे. खट झालं का आमी म्हणायचो, गेले गुरुजी घरी. मग आमाला काय पण ऐकू येत नसं. ह्यो यशवंत दर टायमाला इचारायचा, काय बोलत असतील रे?"

यशवंत मान खाली घालून होता. तो म्हणाला, "त्या दिवशी पण आमी थांबलो. म्हणलं, काकींशी बोलत असतील. मधी कशाला बोलायचं."

मी आत गेले आणि डबी उघडली. त्या दुपारनंतर वायरीला कुणी हात लावला नव्हता. बटण खाली होतं. लाल खूण दिसत होती.

म्हणजे त्यांनी मलाच हाक मारली होती. मिक्सरमध्ये लसणाची चटणी होती आणि मला ऐकू आलं नाही. पाणी मागितलं असेल, नाहीतर नुसतं नाव घेतलं असेल. ते कुणाकडेच नाही, पण ते माझं आहे. बाहेर येऊन मी एवढंच म्हणाले की हो, बोलत होते.

निघताना यशवंतने तो माइक मागितला, आठवण म्हणून. मी दिला नाही. 'मी हाय' हे त्याला मिळालं आहे आणि त्याचा मला अजूनही हेवा वाटतो. तेवढं त्याला पुरेल.

आता हेडफोन मी वापरते. कानावरची चकती निघत नाही. माइक डबीत आहे. बटण खालीच आहे.