टेबलावर बसवलेल्या माझ्या पोरी

"बघा, दोघी जुळ्या," डॉक्टर म्हणाले. "आजार एक, लक्षणं वेगळी."

माझ्या पोरी टेबलावर. समोर डॉक्टरकी शिकणारी पोरं-पोरी घोळका करून उभी. मी भिंतीला टेकून.

मुखेडहून एसटीनं नांदेडला आलो होतो. मोठे डॉक्टर फुकट तपासणार, असा निरोप आलता. फुकट म्हणलं की मला शंका येती. डॉक्टरांनी आधी आडनाव इचारलं. मग, "गावात राहता कुठं?"

"बुद्धविहाराजवळ."

"अच्छा."

तो अच्छा मला कळतो. आमच्या आधी एका बागायतदाराचा नातू आत गेलता. त्याला दार लावून तपासलं. त्याच्या आईला खुर्ची दिली. आमच्या वक्ताला दार सताड उघडं, अन् ही गर्दी.

सुजाता बोलत न्हाई. मोठा आवाज झाला की कान दाबती. प्रज्ञा बोलती, पण आपलंच बोलणं आपल्याला परत देती. एकीला सारखं कुशीत घ्या, दुसरीला हात लावला तरी खपत न्हाई. डोळ्याला डोळा दोघीबी देत न्हाईत. हे मी सांगणार होते. कुणी इचारलंच न्हाई.

डॉक्टरांनी सुजाताच्या कानाजवळ स्टीलचा ट्रे आपटला. ती किंचाळली.

"पाहिलं?" पुन्हा आपटला. मग प्रज्ञाकडं बोट. "आणि ही पोपट."

"ही पोपट," प्रज्ञा म्हणली. पोरं हसली. एकानं मोबाईल काढला.

"ह्यांच्या घरात भाषाच नसते."

"ह्यांच्या घरात भाषाच नसते," माझी लेक म्हणली.

तिच्या तोंडून ते ऐकलं अन् माझं डोस्कं फिरलं. ट्रे पुन्हा वर गेला. मी डॉक्टरचं मनगट धरलं.

"बाई, शिकवतोय इथं! मध्ये येऊ नका."

"मला इचारलं का? त्या पोराला दार लावून तपासलं. माझ्या पोरींचा तमाशा का?"

"तमाशा का?" प्रज्ञा म्हणली.

आता कुणी हसलं न्हाई.

मोबाईलवाल्याला मी माझ्यासमोर व्हिडिओ पुसायला लावला. डॉक्टरला समद्यांना भाईर काढायला लावलं, तवर मी हलले न्हाई. शेवटी डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता पोरी तपासल्या. दोघींना स्वमग्नता हाय म्हणाले. महिन्याला आणा म्हणाले.

आणते. आता डॉक्टर "ताई" म्हणतात, गोड बोलतात. मी त्यांच्या हाताकडं बघत बसते. उपचार माझ्या पोरींचा हक्क हाय, तो मी सोडणार न्हाई. इश्वास मात्र मागू नका.