मादाम इंदुमतींची पाकिटं

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, जर्मन शब्द यायचे जेमतेम वीस. त्यातला एक मात्र त्या दिवसभर वापरत: ‘डोख!’ समोरच्याने नाही म्हटलं की ‘नाही कसं? आहेच!’ असं ठणकावून सांगणारा हा शब्द. बेकरीतली मुलगी म्हणाली, तिळाचे पाव संपले, की आई काचेवर बोट टेकवून म्हणत, ‘डोख!’ आणि कोपऱ्यात खरोखरच एक पाव निघे. वोल्फ्सबुर्गच्या आमच्या गल्लीत त्यांचं नावच फ्राऊ डोख, म्हणजे डोखबाई, पडलं होतं. मी त्यांच्या अगदी उलट. मी कुणाला कधी उलट बोललो नाही. लोक त्याला सभ्यपणा समजतात. तो सभ्यपणा नव्हता, हे आज सांगून टाकतो.

आई पुण्यात टपालखात्यात होत्या. संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गाला जात. सासरे चिडवत, ‘पॅरिसला जाऊन भाकऱ्या थापणार का?’ आई म्हणत, ‘हो. तुम्ही या पीठ मळायला.’ त्या वर्गातून त्यांना एक पत्रमैत्रीण मिळाली, फ्रान्समधल्या गावातली शाळामास्तरीण. दोघी एकमेकींना फर्स्ट डे कव्हरं पाठवत. म्हणजे तिकीट ज्या दिवशी निघतं त्याच दिवसाचा शिक्का बसलेली पाकिटं. आईंची अट एकच: तिकिटावर फ्रेंच बाई हवी. ‘पण राण्या नकोत,’ त्यांनी कळवलं होतं. ‘राणी व्हायला काय लागतं? कामाच्या बायका पाठव.’ मग चिलखत चढवून घोड्यावर बसलेली आली, प्रयोगशाळेतली आली, विमान उडवणारी आली, पुरुषी कोट घालून कादंबऱ्या लिहिणारी आली. अशी अडतीस पाकिटं बिस्किटांच्या डब्यात घालून आई आमच्याकडे राहायला आल्या.

डबा उघडला की आधी तिकीट दाखवायच्या, मग पत्ता. ‘मादाम इंदुमती दातार. बघा, मध्ये कोणी नाही!’ आपल्याकडे बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मधोमध बसतं, हे त्या फ्रेंच मैत्रिणीला ठाऊकच नव्हतं. ‘घर यांच्या नावावर, रेशनकार्ड यांच्या नावावर. ही अडतीस पाकिटं तेवढी माझ्या नावावर,’ आई म्हणायच्या. मी मान डोलवायचो. ऐकत नव्हतो.

एका हिवाळ्यात आई आणि मृणाल, माझी बायको, नात्यातल्या एका लग्नासाठी महिनाभर पुण्याला गेल्या. मी इंजिनिअर माणूस. ती पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेली पाकिटं बघून माझे हात शिवशिवले. आईंना वाढदिवसाला खूश करायचं म्हणून मी चामडी बांधणीचा अल्बम आणला. प्रत्येक पाकिटाचा तिकिटाचा कोपरा कात्रीने कापला, कोमट पाण्यात भिजवून तिकीट अलगद सोडवलं, वाळवलं, मापात बसवलं. उरलेलं सगळं जुन्या कागदांच्या डब्यात टाकलं. रद्दीची गाडी आली, घेऊन गेली.

आई परतल्या त्या आनंदात. हॅनोव्हरच्या तिकीटसंग्राहकांच्या फेराइनने, म्हणजे मंडळाने, प्रदर्शनात त्यांना एक फळा दिला होता. ‘पाकिटं लावायची, आणि पत्ते दिसतील अशी लावायची,’ त्या बूट काढता काढता म्हणाल्या. माझ्या तोंडातून निघालं, ‘आई, तळघरात नळ फुटला. पाकिटं गेली. तिकिटं तेवढी वाचवली.’ त्यांनी अल्बम उघडला. एकेका तिकिटावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘वाचवलीत. बरं.’ नंतर येईल त्याला सांगत, ‘जावयांनी वाचवली हो.’ दर वेळी मी चहाच्या कपात बघायचो.

फेराइनचे अध्यक्ष म्हणाले, पाकिटांशिवाय मांडणी अपुरी, फळा देता येणार नाही. आई म्हणाल्या, ‘डोख.’ पांढऱ्या कागदांवर तिकिटं लावली आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, मादाम इंदुमती दातार. दोन दिवस फळ्याशेजारी काठी टेकून उभ्या राहिल्या. बक्षीस नाही मिळालं. परीक्षकांचा शेरा होता, साहित्य अपुरं. ‘अपुरं?’ गाडीत आई मला म्हणाल्या. ‘बायकांचं कुणी पुरं ठेवलंय कधी?’ मी आरशात बघून लेन बदलली.

गुडघ्यांना इथली थंडी सोसेना, तेव्हा त्या पुण्याला परतल्या. वर्षभराने एका रविवारी मी फोनवर सगळं सांगितलं. कात्रीसकट.

‘ठाऊक आहे,’ आई म्हणाल्या. ‘उभा जन्म टपालात गेला माझा. भिजलेलं पाकीट फुगतं, चिकटतं. नाहीसं होत नाही.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘मी बोलले असते तर तुम्ही सुटला असता. आता रडू नका बाई. फ्रान्सला जाता ना कामाला? तिथून पत्र टाका. माझ्या नावाने. कामाची बाई बघून तिकीट लावा.’

तेव्हापासून दर फेरीला मी तिथल्या टपालकचेरीत रांगेत उभा राहायचो. खिडकीतला माणूस पहिलं येईल ते तिकीट द्यायचा, मी परत करून बाईचं मागायचो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला ‘हे नको’ म्हणायला शिकलो. आईंचा फोन यायचा: ‘शिक्का पुसट आलाय. पुढच्या वेळी नीट मारायला सांगा.’

शेवटचं पाकीट त्या गेल्यावर चार दिवसांनी पुण्याला पोचलं. मृणालने ते न उघडता परत आणलं. मीही उघडलेलं नाही.

परवा हॅनोव्हरच्या प्रदर्शनात ते लावलं. एका फळ्यावर एकच पाकीट. खाली जर्मनमध्ये माझी चिठ्ठी: ‘या बाईंची अशी अडतीस पाकिटं मी कापून फेकली, आणि दोष पाण्यावर ढकलला.’ त्याखाली माझं पूर्ण नाव.

अध्यक्ष तेच होते. चष्मा वर करून त्यांनी चिठ्ठी वाचली. ‘पाकीट राहू द्या,’ ते हळूच म्हणाले, ‘पण ही चिठ्ठी इथे लावता येणार नाही.’

‘डोख,’ मी म्हणालो.