एकाहत्तर किलो

आमच्या दादाला गिऱ्हाइकांचं वजन विचारायची खोड आहे. माणूस दुकानात पाऊल टाकतो न टाकतो तोच हा विचारणार, "वजन किती तुमचं?" पुरुष दचकतात. बायका काउंटरकडे बघतात. तिथे मी बसलेली असते, त्याची धाकटी बहीण, आणि सारवासारव माझ्याच गळ्यात पडते. आकडा चोरणाऱ्यांसाठी दाराशी जुना लोखंडी काटा ठेवलाय. दादा त्याच्याकडे नुसतं बोट दाखवतो आणि भलेभले निमूटपणे चढतात.

खोडीला कारण आहे. दादा गाड्यांचं व्हील अलाइनमेंट करतो, आणि त्यातही खाली बसवलेल्या गाड्यांचं. स्प्रिंगा बदलून जमिनीला टेकायला आलेल्या असल्या गाड्या त्याच्याकडे लांबलांबून येतात. अशा गाडीत माणूस बसला की ती आणखी चार-सहा मिलिमीटर दबते आणि चाकांचे कोन बदलतात. म्हणून दादा रिकामी गाडी कधी सेट करत नाही. मालकाच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायच्या आणि मगच पाना उचलायचा. मशीन आहे, पण त्यावर त्याचा अर्धाच भरवसा. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणून तो पुन्हा मोजतो. काम झालं की प्रत्येक नटवर पिवळ्या रंगाची रेघ ओढतो, नटापासून दांड्यापर्यंत. पुढे कुणी पाना लावलाच तर रेघ तुटते आणि चोरी पकडली जाते.

पोरंटोरं येऊन शर्यतीचं सेटिंग मागतात तेव्हा त्याचं डोकं फिरतं. "दूध आणायला जायची गाडी आणि नखरे शर्यतीचे!" मग तो समजावतो. कॅम्बर म्हणजे चाक वरून किती आत झुकलंय ते. फार झुकवलं तर फेंगड्या माणसाची चप्पल झिजते तसा टायर एका कडेने झिजतो. टो म्हणजे चाकांची पावलं आत वळलीत की बाहेर. मागची पावलं किंचित आत असली की गाडी शहाण्यासारखी चालते. बाहेर काढली की वळणावर शेपूट फिरतं. रोजच्या गाडीला मागचा टो आतच हवा, यावर तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

एकाचंच ऐकलं, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. माझ्या मुलाचं.

घरात त्याला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी तो कधी टिकलाच नाही. मामाचा त्याच्यावर फार जीव. स्वतःच्या कमाईतून भिंगरीने काळी गाडी घेतली, खाली बसवली आणि मामाकडे हट्ट धरला, "मागचा टो बाहेर काढ. वळणावर शेपूट फिरलं पाहिजे." मी दादाला बाजूला घेतलं. म्हटलं, "तोंडाने हो म्हण आणि करू नकोस." दादा म्हणाला, "खोटं सांगून मी कुणाचं सेटिंग करत नाही." मी त्याला माझी शपथ घातली. तो पाना उचलून गाडीखाली शिरला.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर भिंगरीची गाडी रस्ता सोडून खांबावर गेली. ड्रायव्हरच्या दारावरच आदळली. दार सोडलं तर गाडीला फारसं झालं नव्हतं; ती आम्ही विकून टाकली.

दादाने भाच्याच्या हट्टापुढे मान तुकवली, माझी शपथ मोडली आणि माझं पोर गेलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. विचारलं कधीच नाही. दादाही मूग गिळून बसला. रोज चार वाजता तो स्टोव्हवर चहा करतो. सहा वर्षांत त्याच्या हातचा एक कप मी घेतला नाही. शेजारी बसून काम केलं, पण चहा नाही. माझा राग असाच आहे, थंड आणि चिवट.

परवा दुपारी एक नर्स आली. तिची राखाडी गाडी जमिनीसरपट बसवलेली. दोन मालकांनंतर तिला स्वस्तात मिळालेली. रोज तीच घेऊन ती हॉस्पिटलात जाते.

"तीन ठिकाणी अलाइनमेंट केलं," ती म्हणाली. "मशीनवर सगळं हिरवं दिसतं. पण एका वळणावर स्टिअरिंग माझ्याआधी वळतं. मी वळवणार, त्याच्या क्षणभर आधी. हसू नका हं."

"हसत नाही. वजन किती तुमचं?"

"बावन्न."

"आणि वळण कुठलं?"

"पाण्याच्या टाकीजवळचं."

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी काउंटरची कड घट्ट धरून ठेवली.

पिशव्या ठेवण्याआधी तो नेहमी रिकाम्या गाडीची उंची मोजतो. ड्रायव्हरची बाजू सहा मिलिमीटर खाली होती. हवा तपासली, चारही टायर सारखे. स्प्रिंगा सारख्या, फरशी सपाट. नर्स बाकावर बसून फोन बघत होती. दादाने त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या पिशव्या उचलून पलीकडच्या सीटवर ठेवायला लागला. इतक्या वर्षांत त्या बाजूला त्याने पिशवी ठेवलेली मी पाहिली नव्हती. वीस, वीस, वीस, दहा. पुन्हा मोजलं. शेवटी एक किलोची छोटी पिशवी ठेवली आणि गाडी पाण्यासारखी सपाट उभी राहिली.

एकाहत्तर. शेवटच्या महिन्यात भिंगरी याच काट्यावर चढून ओरडला होता, "मामा, एकाहत्तर! लिहून ठेव!"

दादा म्हणाला, "तू जरा बाहेर जाऊन ये."

"नाही जात," मी म्हटलं.

त्याने लिफ्ट वर घेतली. मी गाडीखाली गेले. चाकाच्या कमानीत राखाडी रंगाचे पोपडे उडून खालचा काळा दिसत होता. पुढचे नट नवे होते, तिथे तीन गॅरेजांचे पाने लागून गेले होते. मागच्या चाकांच्या नटांवर मात्र राखाडी धुळीखाली पिवळी रेघ होती. मी पदराने पुसली. दादाच्या हातची रेघ, शेवटाला जरा डावीकडे झुकणारी. दोन्ही बाजूंना अखंड. त्या दिवसापासून तिथे कुणीच पाना लावला नव्हता.

"मोज," मी म्हटलं.

"कशाला? झालं ते झालं."

"दादा, मोज."

त्याने गाडी खाली घेतली, दोरा ताणला आणि मोजलं. आकडा त्याने सांगितला नाही, मीच पट्टीवर वाचला. हजारो आकडे लिहिलेत मी या दुकानात. मागचा टो आत होता. किंचित, दोन्हीकडे सारखा, दूध आणायच्या गाडीला असतो तसा.

म्हणजे त्याने माझीच शपथ पाळली होती.

"त्याला मी सांगितलं, बाहेर काढलाय," दादा हळू आवाजात म्हणाला. "त्याला वाटलं शेपूट फिरेल. म्हणून भरवशाने उशिरा वळवलं असेल. गाडी सरळच गेली."

"आणि सहा वर्षं मी तुझ्या नावाने..."

"तुला सांगून काय झालं असतं? तू जगली नसतीस. मला राग सोसतो."

माझ्या शहाणपणाने माझं पोर गेलं होतं आणि बोल मी या माणसाला लावत होते. मला त्याच्यापुढे स्वतःची इतकी लाज वाटली की दोऱ्याकडेच बघत उभी राहिले.

पुढचा टो दादाने शून्यावर आणला, झिजलेली कड वाचावी म्हणून कॅम्बर जरा कमी केला आणि पिशव्या काढल्या. मग नर्सला म्हणाला, "चक्कर मारून आणतो." मी न विचारता शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

लख्ख ऊन होतं, रस्ता कोरडा. टाकी दिसली. वळणाच्या थोडं आधी दादाने स्टिअरिंगवरून दोन्ही हात उचलले. स्टिअरिंग आपणहून वळलं. जराही घाई नाही, धसका नाही, नेमकं जिथून वळायला हवं होतं तिथून. खांब दादाच्या काचेजवळून अलगद मागे गेला. भिंगरी आता लवकर वळवत होता. रोज वळवत असणार, त्या बिचाऱ्या बाईच्या हाताखालून.

"मामाने नाही रे," मी त्या स्टिअरिंगला म्हटलं. "मी सांगितलं होतं. माझ्या शपथेपायी तो तुझ्याशी खोटं बोलला. तू चुकला नव्हतास, बाळा. पुरे आता, सोड."

दादाने गाडी वळवून पुन्हा त्याच वळणावर आणली. या वेळी स्टिअरिंग त्याच्या हाताची वाट बघत राहिलं.

दुकानात येऊन त्याने उंची मोजली. दोन्ही बाजू सारख्या. नर्सला सांगितलं, "पुढचं सेट केलंय. मागचं बरोबर आहे, कुणाला हात लावू देऊ नका." ती खूश होऊन गेली.

गाडीतून उतरताना माझा गुडघा लचकला होता. काउंटरपर्यंत चालताना धाप लागली आणि माझी खुर्ची, जी इतक्या वर्षांत कधी कुरकुरली नाही, ती कुरकुरली. मी उठले आणि काट्यावर जाऊन उभी राहिले. माझं वजन अठ्ठावन्न. वर्षानुवर्षं अठ्ठावन्न.

काटा एकशे एकोणतीसवर थांबला.

दादा मागे येऊन उभा राहिला. त्याने आकडा वाचला आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. "उतर," तो म्हणाला. "उतर, पुन्हा बघू."

"असू दे," मी म्हटलं. "इतकी वर्षं तू वाहिलंस. आता माझं मला वाहू दे. चार वाजले, चहा टाक. मी घेणार आहे."