आठ घरांचा तालुका

उजव्या हाताच्या बोटाने डोळ्याखालची कातडी जराशी खाली ओढायची आणि विचारायचं, "बाय आइज?" बापाकांची ही लकब ज्याने पाहिली नाही, त्याला आमच्या गल्लीतला लॉकडाऊन मी कसा समजावू?

तुम्ही म्हणावं, दुकानात तांदूळ संपलाय म्हणे. "बाय आइज?" म्हणजे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस? नसेल, तर तांदूळ संपलेला नाही. एकदा मी फुशारकीने सांगितलं, "बापाक, माझं दोन किलो वजन उतरलं." त्यांनी बोट डोळ्याखाली नेलं, माझ्या पोटाकडे नीट पाहिलं आणि प्रश्न न विचारताच बोट खाली घेतलं. निकाल लागला होता.

बापाक म्हणजे त्यांच्या बेटांवरच्या भाषेत वडीलधारा माणूस. खरं नाव लांबलचक होतं, पोर्तुगीज आणि बेटावरचं असं एकत्र. आमच्या वसईतल्या नावांसारखंच. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या बंद गल्लीत, तिला इथे कोर्ट म्हणतात, आठ घरं. त्यातलं आमच्या शेजारचं त्यांच्या मुलीचं. मुलगी नर्स. सहा महिन्यांच्या कामावर डार्विनला गेली आणि मागे राज्यांच्या सीमा बंद झाल्या. सत्तरी ओलांडलेले बापाक घरात एकटे राहिले. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढे, पण इस्त्रीचा शर्ट रोज, आणि खिशाला पेन. लॉकडाऊनमध्ये इस्त्री करणारा अख्ख्या मेलबर्नमध्ये तो एकच माणूस असावा. मी विमा कंपनीच्या हेल्पडेस्कवर, घरूनच काम. एकच ट्रॅकपँट मी किती दिवस घातली, ते सांगत नाही.

पूर्वी ते चामात होते. हे काय असतं ते कळावं म्हणून त्यांनी आमच्या ड्राइव्हवेवर खडूने नकाशा काढला. मी दीड मीटर लांब उभा, हातात चहा. आधी एक लांबुडकं बेट, फ्लोरेस. त्याच्या पूर्वेच्या टोकाला चिकटून आदोनारा, सोलोर, लेम्बाता. खाली, आमच्या कचऱ्याच्या बिनच्या शेजारी, तिमोर. "इथे कुपांग. इथे गव्हर्नर." मग जिल्हा, त्याचा बुपाती. जिल्ह्याखाली तालुके, त्यांचे चामात. त्याखाली गावं, आणि गावांत दहावीस घरांचा एकेक गट, त्यालाही प्रमुख.

"म्हणजे तुम्ही तहसीलदार," मी म्हणालो.

"बुपाती सही करतो. चामात मोजतो," ते म्हणाले. एवढीच व्याख्या.

इतिहासही त्याच खडूने झाला. चंदनासाठी पोर्तुगीज आले, सोलोरवर किल्ला बांधला. मग डच आले. दोघं बरीच वर्षं भांडले आणि शेवटी पोर्तुगिजांनी आपला हक्क डचांना विकून टाकला. "बेटं टेबलावर विकली. बेटावरच्या माणसांना कुणी विचारलं नाही. कुणी मोजलंही नाही." मी म्हटलं, "आमच्या वसईतही पोर्तुगिजांचा किल्ला आहे." तर त्यांचा चेहरा असा खुलला, की जणू लांबचा पुतण्या भेटला. "तुझ्या किल्ल्यात आता कोण राहतं?" "वटवाघळं, आणि लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी." ते पोट धरून हसले.

लॉकडाऊन कडक झाला तसा त्यांनी आमच्या कोर्टाचा तालुका करून टाकला. त्यांच्या देशात पाहुणा आला की चोवीस तासांत गटप्रमुखाकडे नोंद करावी लागते, तशा पाट्याच गल्लीगल्लीत असतात. बापाकांनीही एक पुठ्ठा लेटरबॉक्सला बांधला: 'पाहुण्यांनी २४ तासांत कळवावे.' पाच किलोमीटरच्या पलीकडे कुणाला जायची परवानगी नव्हती. पाहुणा येणार कुठून! समोरचा पंजाबी ट्रकवाला गुरदीप मला ओरडून म्हणाला, "भाई, ये अंकल अपने यहाँ पटवारी लगे हैं क्या?"

दुसरा हुकूम जास्त जाचक होता. त्यांच्याकडे बेटावरचं एक जुनं हातमागाचं वस्त्र होतं, विटकरी रंगाचं. बायकोने विणलेलं, असं म्हणाले, आणि त्याच्याच आठ पट्ट्या फाडून त्यांनी घरोघर वाटल्या. रोज सकाळी साडेआठच्या आत पट्टी लेटरबॉक्सला बांधायची. अर्थ, घरातली सगळी माणसं उठली, ठीक आहेत. संध्याकाळी सोडून घ्यायची. साडेआठला पट्टी नसेल, तर उजवीकडच्या शेजाऱ्याने जाऊन हाका मारायच्या, चेहरा दिसेपर्यंत. ते स्वतः वही घेऊन फेरी मारायचे, सगळ्या घरांची खूण करायचे आणि आपली पट्टी सगळ्यांत शेवटी बांधायचे. त्यांच्या उजवीकडचा शेजारी मी.

मी तीन दिवस नियम पाळला. चौथ्या दिवशी थंडी अशी होती, की मी पट्टीला पक्की गाठ मारली आणि ती तशीच ठेवली. रात्रंदिवस. पावसात. माझी बायको सिल्विया वृद्धाश्रमात काम करते, सातच्या आत घराबाहेर. ती म्हणाली, "अरे, म्हाताऱ्या माणसाला फसवतोस?"

"फसवतोय कुठे? आपण ठीकच तर आहोत!"

"रोज सकाळी?"

"रोज सकाळी. उगाच बांधा-सोडा कशाला?"

हेल्पडेस्कवर काम करून करून मला वाटायला लागलं होतं, की एखादी गोष्ट आपोआप होत असेल तर ती सुधारणाच. बापाकांच्या लक्षात आलं नाही, असं मी धरून चाललो. ते काहीच बोलले नाहीत. कुंपणापलीकडे एक बादली मात्र उपडी दिसायची, तीही आमची मुलगी इवा ट्रॅम्पोलिनवर उड्या मारताना तिला दिसायची म्हणून. "डॅड, बापाकची बकेट इज ऑल्वेज अपसाइड डाउन." असेल काही बागकाम.

हा खटाटोप कशासाठी, ते एका दुपारी त्यांनी सांगितलं. खडूचा नकाशा तोवर पुसट झाला होता. त्यांनी लेम्बाताच्या वर, चपलेच्या टोकाने, एक ठिपका दाखवला. एवढंसं बेट, त्यांच्याच तालुक्यातलं. एका वर्षी समुद्र उठला. मोठी लाट आली आणि घरं गेली. बापाक होडीने पोहोचले, रजिस्टर उघडलं, गावप्रमुखाला शेजारी बसवून नाव नाव वाचलं. जिवंत, मेलेले, सापडलेले. सगळ्या नावांचा हिशोब लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी शोध थांबवला, होड्या दुसऱ्या किनाऱ्याकडे पाठवल्या.

"आठवड्याने आदोनाराहून एक माणूस आला. म्हणाला, माझी बायको आणि दोन मुली इथे लग्नाला आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी." त्यांनी चपलेचं टोक ठिपक्यावरून मागे घेतलं. "पाहुणे. कळवलं नव्हतं. रजिस्टर पूर्ण होतं, आणि त्या तिघी कुठेच नव्हत्या. त्यांना कुणी शोधलं नाही, कारण मी म्हणालो, सगळे मिळाले."

मी म्हटलं, "तुमची काय चूक, बापाक? गावप्रमुखाने सांगायला हवं होतं."

"त्याने सांगितलं सगळे आहेत. मी ऐकलं." त्यांनी डोळ्याखाली बोट नेलं. "पाहिलं नाही."

तुम्हाला वाटेल, हे ऐकून मी घरी जाऊन गाठ सोडली असेल. त्या संध्याकाळी सोडलीही. दुसऱ्या सकाळी बांधली, आणि पुन्हा पक्की.

मग ऑगस्टमधला तो मंगळवार. मंगळवारी आमच्याकडे बिन रिकामे होतात. रोज आठला उठून मी स्वयंपाकघरात चहा करतो. त्या दिवशी झोप लागली. साडेआठला उठलो, कॉल नऊला, म्हणून चहा न करता तसाच पुढच्या दाराने बिन आत घ्यायला पळालो. पाहतो तर बापाकांच्या लेटरबॉक्सला पट्टी नाही! पोर्चमधल्या खुर्चीवर नीट घडी घातलेली होती.

मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. अख्ख्या कोर्टाला शिस्त लावणारा चामात आज स्वतः चुकला! हाक मारली तर बिचाऱ्याला ओशाळं वाटेल. गुरदीप तर महिनाभर चिडवेल. मी इकडेतिकडे पाहिलं, घडी उचलली आणि त्यांच्या लेटरबॉक्सला पट्टी बांधून दिली. म्हाताऱ्याची लाज राखली. दिवसभर त्या खुशीत होतो. संध्याकाळी हळूच सांगेन, बापाक, आज तुमची पट्टी कुणी बांधली, बाय आइज?

मग दिवसभर हेडसेट कानावर. इवाचे ऑनलाइन तास, तिच्याही कानावर हेडफोन. गल्लीत सगळ्यांनी आठ पट्ट्या पाहिल्या आणि सगळे आपापल्या घरात गेले.

चार वाजता इवाचे तास संपले, ती ट्रॅम्पोलिनवर गेली. उड्यांचा आवाज चालू होता, तो मध्येच बंद झाला.

"डॅड? बापाक इज स्लीपिंग ऑन द ग्रास."

मी कुंपण कसं चढलो ते मला माहीत नाही. त्याआधी आणि त्यानंतर मी कधीही कुंपण चढलेलो नाही. ते कुंपणाच्या मुळाशी कुशीवर पडले होते, इस्त्रीच्या शर्टात. बादली आडवी. चष्मा गवतात. हात बर्फासारखे. माझ्या कामाच्या खोलीची खिडकी तिथून चार पावलांवर होती. डोळे उघडे होते त्यांचे. मला पाहून ओठ हलले, आवाज आला नाही. हाका मारल्या असतील का? मारल्या असतील तर मी तेव्हा कुणाला तरी पासवर्ड बदलायला शिकवत होतो.

ॲम्ब्युलन्सवाल्या पोरीने विचारलं, "हाउ लाँग, मेट?" मी म्हणालो, माहीत नाही. तिकडे घराच्या पुढच्या बाजूला, त्यांच्या लेटरबॉक्सवर पट्टी फडफडत होती.

कंबरेचं हाड मोडलं होतं, अंगात थंडी शिरली होती. भेटायला कुणाला परवानगी नाही. शनिवारी एका नर्सने त्यांच्या कानाला फोन लावून दिला. मी सोफ्यावर ब्लँकेट घेऊन बसलो होतो. पट्टीचं सांगायचं ठरवून बसलो होतो.

"सगळी घरं आहेत?" त्यांनी विचारलं. आवाज म्हणजे नुसता वारा.

"आहेत, बापाक. आठच्या आठ."

"बाय आइज?"

मी त्या सकाळी पडदासुद्धा सरकवला नव्हता.

"येस, बापाक."

"गुड चामात," ते म्हणाले. पट्टीचं राहून गेलं. सोमवारी ते गेले. अंत्यविधी आम्ही लॅपटॉपवर पाहिला. मधेच चित्र अडकलं आणि पाद्रीबाबांचा हात कितीतरी वेळ हवेतच राहिला.

सीमा उघडल्यावर त्यांची मुलगी घर आवरायला आली. वही तिच्याकडे होती, ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांच्या शर्टाच्या आतून काढलेली. आमच्या ड्राइव्हवेवर उभी राहून, मास्क लावून, ती म्हणाली, "तुमचं घर कोणतं? सातवं ना? बाकीच्या घरांपुढे बाबांनी नुसत्या खुणा केल्यात. तुमच्यापुढेच एवढं लिहिलंय." आणि ती एकेक दिवस इंग्रजीत वाचू लागली.

"'घर सात. कापड खरं नाही, काल संध्याकाळपासून तेच. कुंपणावरून पाहिलं. बाई, सहा वीस, दिवा लावला. मुलगी, सव्वासात. नवरा, घोरणं ऐकू आलं. ऐकीव, मोजू नये. आठ पाच, नवरा दिसला, चहा. घर पूर्ण.'"

ती हसली. तिला वाटलं मीही हसेन. "हे रोज आहे. 'नवरा, आठ सात, चहा. नवरा, आठ चार, खिडकीत जांभई.' बाबांना तुम्ही फार आवडायचात वाटतं."

"शेवटचा दिवस?" मी विचारलं.

तिने पान उलटलं. "'बाई, सहा वीस. मुलगी, सव्वासात. नवरा.'" तिने पान मागेपुढे करून पाहिलं. "पुढे काही नाही."

त्या मंगळवारी मी साडेआठपर्यंत झोपलो होतो. मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या, गाठीची आणि घडीची. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. त्या डोळ्यांनी माझ्याकडे एकदा पाहून, वही मिटून ती आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं. आत ये म्हणून ठेवलं की विसरली, मला अजून कळलेलं नाही.

मी त्या दाराने आत शिरलो, घरातून मागच्या अंगणात गेलो. बादली तिथेच पडली होती. ती उपडी केली आणि तिच्यावर चढलो. कुंपणाच्या कडेवर बोटं टेकली, तिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं.

आमचं स्वयंपाकघर इतकं स्पष्ट दिसतं, हे मला माहीत नव्हतं. ओट्याशी सिल्विया होती. टेबलाशी इवा. मी पुन्हा मोजलं. दोन. चहाचा माझा कप टेबलावर होता आणि त्यामागची खुर्ची रिकामी होती.