कोमट पाण्याची घागर

चुडामण सरांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना शेवटची पेरं नव्हती. खडू ते अंगठा आणि अनामिकेत धरत. त्यामुळे फळ्यावरची त्यांची अक्षरं वाऱ्याने कललेल्या ज्वारीसारखी एकाच बाजूला झुकलेली असत. आता एम.ए. होऊन मीही तासिका तत्त्वावर शिकवते. उपरोध शिकवायचा दिवस आला की माझ्या धडधाकट हातात खडू आपोआप तसा धरला जातो.

मी बारावीला होते ते वर्ष सत्त्याऐंशीचं. सर पिंप्राळ्यात राहत आणि लुनावरून कॉलेजात येत. डोक्याला शेतकरी बांधतात तसा मोठा पांढरा रुमाल, कानांवरून घट्ट ओढून घेतलेला. मेमध्ये तसाच, डिसेंबरातही तसाच, वर्गातही तसाच. एकदा कुणीतरी मागच्या बाकावरून विचारलं, सर, आज थंडी धरायची की ऊन? सर म्हणाले, "मला त्यातलं नेमकं कळत नाही. म्हणून तर अजून तुमच्यापुढे उभा आहे."

ते गमतीत बोलले, पण खरंच बोलले होते. कॉलेजात असताना धुळ्याहून त्यांची हिमालयातल्या एका गिर्यारोहण शिबिरासाठी निवड झाली होती. उतरताना वादळ आलं, दोर तुटला, आणि ते नि त्यांचा एक सोबती बाकीच्यांपासून वेगळे पडले. ही गोष्ट सर दरवर्षी उपरोध शिकवताना सांगत आणि वर्ग दरवर्षी हसे. कारण फार गारठलेल्या माणसाला शेवटी शेवटी उकडायला लागतं. शरीर फसवतं. सरांनाही तसं उकडायला लागलं, आणि त्यांची खात्री पटली की आपण शिंदखेड्याच्या शिवारात आहोत आणि आपल्याला ऊन लागलंय. मग लहानपणापासून शिकवलेलं सगळं त्यांनी केलं. गळ्यातला रुमाल काढून डोकं, कान, तोंड गुंडाळलं. बाह्या खाली ओढल्या, गुंड्या लावल्या. सावली हवी म्हणून सरपटत एका कपारीत शिरले आणि अंग चोरून बसले. वारा तिथे पोचत नव्हता. सकाळी शोधणाऱ्यांना ते तसेच सापडले.

"उन्हावरच्या उपायाने मी बर्फातून वाचलो," सर म्हणत. "टोमणा माणूस मारतो. उपरोध आपोआप घडतो, त्याला मारणारा लागत नाही."

सोबत्याबद्दल ते एवढंच सांगत की तो वाचला नाही. वर्गाला त्याचं नाव माहीत नव्हतं, मला होतं. पितांबर आमच्या गल्लीतला. मी अगदी तान्ही असताना तो गेला. त्याची आई मंजुळाआक्का आमच्या शेजारी राहत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि कुणा एकाला पितर म्हणून जेवायला बसवतात. पितांबरच्या नावाने दरवर्षी चुडामण सर बसत. मी त्यांना आधी ओळखत होते ते आक्काकडचे पितर म्हणून. आमचे सर ते नंतर झाले.

त्या मार्चमध्ये, परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला, सरांनी सांगितलं, आपापल्या घरचं उपरोधाचं उदाहरण द्या. कुणी सासू-सुनेचं सांगितलं, कुणी निवडणुकीचं. मी म्हणाले, आमच्या मंजुळाआक्का आखाजीची घागर गार पाण्याने भरत नाहीत. चुलीवर कोमट केलेल्या पाण्याने भरतात. बायका म्हणतात, अगं, वैशाखात पितराला कुणी ऊन पाणी देतं का? तरी त्या ऐकत नाहीत. लेक बर्फात गेला म्हणतात.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला आणि हात रुमालाच्या टोकाला पुसला. इतकी वर्षं ते त्या घागरीशेजारी बसून जेवले होते. पण ते पाणी पितरासाठीचं. त्याला हात लावायचं त्यांना कधी कारणच पडलं नव्हतं.

त्या वर्षीच्या आखाजीला मी आक्कांना वाढू लागायला गेले होते. अंगणात पोरींचा झोका चालू होता, गाणी चालली होती. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या मांडलेल्या. सर पाटावर बसले. समोर खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया. आक्का समोर टेकल्या आणि दरवर्षी विचारत तेच त्यांनी विचारलं.

"चुडामण, खरं सांग. त्याले थंडी वाजनी का रे?"

दरवर्षी सर सांगत, नाही आक्का, झोपेतच गेला. आणि आक्कांचा त्यावर कधीच विश्वास बसला नव्हता. त्या वर्षी सरांनी घास खाली ठेवला. शेवटी पितांबरलाही उकडायला लागलं होतं, ते म्हणाले. त्याने टोपी फेकली, कोट काढला, आईने विणलेला स्वेटरही काढला. मी त्याला धरायला पाहत होतो, पण माझे हात चालत नव्हते. पोराने स्वतःच्या हाताने अंगावरचं काढलं हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून एवढी वर्षं गप्प राहिलो.

हे बोलताना त्यांची मान वर झाली नाही. आक्का रडतील, निदान त्यांना घराबाहेर काढतील, असं मला वाटलं. आक्कांनी फक्त विचारलं, तो काही बोलला होता का.

"हसना तो, आक्का. म्हने, काय ऊन पडनं रे, चुडामण."

बाहेरचा झोका करकरत होता. आक्कांनी ते वाक्य स्वतःशीच एकदा पुटपुटून पाहिलं.

"म्हंजे त्याले ऊन लागनं? आपलं ऊन?"

"हा, आक्का. आपलंच."

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. घागरीवरचं डांगर त्यांनी खाली काढून ठेवलं, सांजोऱ्या ताटलीत घेतल्या. घागर उचलून अंगणातल्या तुळशीपाशी नेली आणि हळूहळू सगळं पाणी ओतून टाकलं. मग रिकामी घागर माझ्या हातात दिली. ती अजून उबदार होती.

"माठातलं थंडं पानी भर, माय," त्या म्हणाल्या. "उन्हामधीन ऊना तो." लेक उन्हातून आला होता.

मी तांब्या-तांब्याने पाणी भरत गेले. घागर हळूहळू गार होत गेली, तसा बाहेरून तिचा लाल रंग गडद झाला. आक्कांनी डांगर पुन्हा नीट बसवलं आणि सरांकडे वळल्या.

"आते जेव."

सरांनी कानांवरची गाठ सोडली आणि रुमाल काढून घडी करून मांडीवर ठेवला. त्यांचे केस मी पहिल्यांदाच पाहत होते. बरेचसे पांढरे झाले होते. मग त्यांनी आमरसाची वाटी जवळ ओढली आणि जेवायला सुरुवात केली.